चिखलातनं आणलेली थार धुतली तरी स्टिअरिंग थरथरतंय, खालची माती नेमकी कशी काढायची?

राजारामपुरी_४बाय४

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्रा थार, डिझेल, २०२१ ची. गारगोटीच्या पुढं डोंगराच्या अंगाला मित्राचं रान आहे, तिथं भर पावसात गाडी घातली होती. तांबड्या मातीचा निसरडा चढ, मधी ओढा, पाणी चाकाच्या मधल्या हबच्या वर. फोर-लो मध्ये (चारी चाकांना जोर देणारा हळू गिअर) गाडी मस्त चढली, त्याबद्दल काही तक्रार नाही.

येताना वॉशिंग सेंटरला धुऊन घेतली. बाहेरनं एकदम नवी दिसते. पण आता कागलकडं हायवेला लागलं की ८० च्या पुढं स्टिअरिंग थरथरतंय. ७० च्या आत काही नाही. पार्किंगमध्ये गाडीखाली अजून तांबडं पाणी ठिबकतंय, आणि हळू ब्रेक दाबला की मागनं कर्र असा आवाज येतो. वॉशिंगवाल्यानं सांगितलं अलाइनमेंट करून घ्या, आणि पुढच्या वेळी खालनं डिझेल मारून देतो, माती धरणार नाही.

मी फ्लॅटमध्ये राहतो. पार्किंगला नळ आहे, साधी पाइप लागते, त्यापलीकडं सोय नाही. घरी प्रेशर वॉशर घ्यावा का? डिझेल मारून घ्यावं का? आणि ही थरथर कशाची? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, गाडी लई जिवापाड जपलीय.

घाटावरचा_जीपवाला

एवढं कशाला, सरळ नदीला न्यायची. चाकं बुडतील एवढ्या पाण्यात उभी करायची आणि पुढं-मागं करायची. सगळी माती वाहून जाते. आमची जुनी जीप अशीच धुतली जायची.

उद्यमनगर_जुना_फिटर

भावा, अलाइनमेंटला आत्ता पैसे घालू नकोस. आधी चाकं उतरव.

रिम बाहेरनं धुतलेली असते, पण आतल्या अंगाला जो खोलगट पट्टा असतो त्यात चिखल एकाच बाजूला धरून बसतो. गाडी चिखलातनं आली, उभी राहिली, वरची माती खाली ओघळली आणि तिथंच वाळली. टायरवाला बॅलन्सिंगला पाच-दहा ग्रॅमच्या पट्ट्या मोजून लावतो, आणि इथं पाव-पाव किलोचा लादा एका अंगाला चिकटलेला असतो. ८० च्या वेगाला तुझं चाक सेकंदाला साधारण नऊ फेऱ्या मारतं. तेवढं वजन एका बाजूला असलं की थरथर येणारच, आणि ती ठरावीक वेगालाच येते. अलाइनमेंट बिघडली असती तर गाडी एका अंगाला ओढली असती, टायर एका कडेनं खाल्ला असता. लाकडी पट्टी घे आणि खरवड, लोखंडी पाना रिमला लावू नकोस. आधी भिजव, मग निघतंय. चाक परत बसवताना नट समोरासमोरचे आवळ आणि थोडं चालवून झालं की पुन्हा एकदा पाना लावून बघ.

चाक निघालंच आहे तर मागचा आवाजही बघून घे. थारला मागं ड्रम ब्रेक आहेत. ओढ्यातनं जाताना ड्रममध्ये पाणी शिरतं, पाण्याबरोबर बारीक वाळू शिरते. पाणी निघून जातं, वाळू तिथंच राहते आणि लायनर (ब्रेकचा घासणारा थर) आणि ड्रमच्या मधी दळत बसते. तोच तुझा कर्र आवाज. बाहेरनं कितीही पाणी मारलं तरी ती निघत नाही, उलट गन मारली तर आणखी आत जाते. ड्रम उतरवूनच साफ करायचा. एक लक्षात ठेव, चिखलातनं किंवा वॉशिंगवरनं आलेली गाडी हँडब्रेक ओढून रात्रभर लावायची नाही. ओले लायनर ड्रमला धरतात, सकाळी गाडी हलत नाही. गिअरमध्ये ठेव आणि चाकाला दगड लाव. आणि धुऊन निघालास की पहिल्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक जरा दाबत-सोडत चालव, म्हणजे ते तापून सुकतात.

आता तांबडं पाणी. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय. थारची चासी म्हणजे दोन लांब पोकळ डबे, त्यांना ठिकठिकाणी भोकं. कारखान्यानं ती भोकं पाणी निथळायला आणि रंग आत जायला ठेवलेली असतात. चिखलात त्याच भोकांतनं राड आत जाते. वॉशिंगवाला रॅम्पवर गाडी चढवतो, खालनं गन फिरवतो, दिसणारं सगळं साफ होतं. डब्याच्या आतलं तसंच. २०१९ च्या महापुरात बुडालेल्या गाड्या आमच्याकडं आल्या, तेव्हा हे डोळ्यांनी बघितलंय. बाहेरनं कोरडी ठणठणीत गाडी, आणि दोन महिन्यांनी चासीच्या भोकात तार घातली की ओला गाळ बाहेर. माती पाणी धरून ठेवते. लोखंडाला आतनं सतत ओल लागत राहते आणि आपल्याला पत्ता लागतो तो गंज बाहेर फुटल्यावर.

त्याला प्रेशर वॉशर लागत नाही, तुझी साधी पाइप बास आहे. गाडी जरा उतारावर लाव, तोंड वर. पुढच्या टोकाच्या भोकात पाइप घाल, भोकाच्या कडेला फडकं कोंब आणि पाणी सोडून दे. मागच्या भोकातनं आधी घट्ट तांबडं येईल, मग चहाच्या रंगाचं, मग निवळ. निवळ येईपर्यंत हलायचं नाही. खालचं एखादं भोक बुजलं असेल तर तारेनं मोकळं कर. दोन्ही बाजू अशाच. दारांच्या खालच्या कडेलाही निथळायची बारीक भोकं असतात, ती काडीनं उघड. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी गिअरची पेटी) आणि डिझेलच्या टाकीच्या खाली जे संरक्षक पत्रे आहेत त्यावर घमेलंभर माती साठते. पत्रा काढल्याशिवाय ती जात नाही. बोल्ट असतात, काढायचेच.

प्रेशर वॉशरचं म्हणशील तर घरगुती वॉशर १०० ते १३० बारचा असतो. तुझ्या टायरमध्ये हवा असते दोन-सव्वादोन बार, यावरनं अंदाज घे. हबचं सील, ॲक्सलचं सील, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसची टोपी ही उडणाऱ्या पाण्याला अडवायला बनवलेली असतात, जवळनं मारलेल्या धारेला नाही. धार सीलच्या ओठाच्या आत घुसली की बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर आणि वाळू आत. महिनाभरानं हब घुमायला लागतो आणि माणूस म्हणतो, ओढ्यानं गाडी खाल्ली. ओढ्यानं नाही, धुण्यानं खाल्ली. घ्यायचा तर घे, पण पंखा नोझल लाव, हातभर लांबनं मार, आणि सील, वायरिंगचे कपलर, फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर यावर रोख धरायचा नाही. वाळलेली माती जोरानं काढायची नसते, भिजवून काढायची असते. पाणी मार, पंधरा-वीस मिनिटं सोड, परत मार. घाई करणाऱ्यानंच गाड्या खराब केल्यात.

गाडी आली की लगेच इंजिनवर गार पाणी मारू नकोस. अर्धा-पाऊण तास उभी राहू दे. तापलेला सायलेन्सर, टर्बो, ब्रेकची डिस्क, यांना गार पाणी सोसत नाही.

डिझेल मारून घेऊ नकोस. जुन्या काळी सगळेच मारायचे, काळं ऑइलही मारायचे. चकाकी दोन दिवस राहते. सस्पेन्शनचे बुश, बूट, सगळं रबर डिझेलनं फुगतं आणि मऊ पडतं, आणि त्या तेलकट थरावर पुढची धूळ जास्तच बसते. ब्रेकला लागलं तर वेगळंच दुखणं. चासी धुऊन, पूर्ण सुकवून पोकळीत मारायचं मेण मिळतं, ते पावसाळ्याआधी मारून घे.

रेडिएटर राहिला. पुढनं जाळीतनं बघितलं की साफ दिसतो, पण पुढं एसीचा कंडेन्सर असतो, मागं रेडिएटर, आणि दोन्हींच्या फटीत माती. वरनं टॉर्च मारून बघ. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला सोडायचं, साध्या पाइपनं. जशी आली तशी उलटी घालवायची. पुढनं गन मारली तर पाती वाकतात आणि माती आणखी घट्ट बसते. घाटात तापमानाचा काटा वर चढायला लागला की लोक थर्मोस्टॅट बदलतात, वॉटर पंप बदलतात, आणि दुखणं असतं मातीचं.

शेवटचं आणि न चुकता करायचं, मागच्या क्राऊनचं, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या डिफरन्शियलचं, तेल बघ. पाणी हबच्या वर होतं म्हणतोस. चढ चढून क्राऊन तापलेला असतो, आतली हवा फुगलेली. तसाच गार ओढ्यात उतरला की हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. ब्रीदर, म्हणजे क्राऊनची हवा जायची-यायची वाट, मातीनं बुजलेला असेल तर सीलमधनं पाणी आत येतं. वरचा प्लग खोल, बोट घाल. तेल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. कळव.

शिरोळ_काळं_रान

वरच्या दादांनी सगळं नीट सांगितलंय. मी शिरोळ तालुक्यातली, आमच्याकडं फोर-व्हील पिकअप आहे, मीच चालवते. दोन गोष्टी सांगते.

तुमची तांबडी माती आणि आमची काळी माती धुवायची पद्धत वेगळी आहे. तांबडी बारीक असते, पाण्यात लवकर सुटते, पण डाग ठेवते. सीटचं कापड, पांढरं प्लास्टिक, दाराचे रबर, सगळ्यावर तांबूस झाक राहते, कारण त्यात लोहाचा अंश जास्त. काळी माती डाग ठेवत नाही, पण चिकटते. ओली असताना फुगते, वाळली की आकसून तडकते. उघड्या पत्र्यावरचे पोपडे हातानं निघतात. मडगार्डच्या आत, स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधी जी राहते तिला छिन्नी लावायची पाळी येते. म्हणून ऊस भरून आलेली गाडी आम्ही वाळू देतच नाही. त्याच संध्याकाळी पाणी. तुम्ही कधी आमच्या भागात आलात तर एवढं लक्षात ठेवा, काळ्या रानातनं निघाल्यावर घरी जाऊन धुऊ म्हणायचं नाही. पहिल्या बोअरवर थांबून निदान चाकांच्या वरचा भाग भिजवून घ्यायचा.

प्रेशर वॉशर घ्यायच्या आधी मित्राच्या रानात एचटीपी पंप आहे का विचारा. फवारणीचा पंप असतो तो, बहुतेक बागायतदाराकडं असतोच. दाब कमी-जास्त करता येतो, लांब पाइप असते, गाडी तिथंच धुऊन येता येतं. फक्त त्यात आधी तणनाशक मारलेलं असेल तर टाकी आणि पाइप दोन-तीनदा खळाळून घ्या, नाहीतर धुतलेल्या पाण्यानं कडेचं पीक जळतं. दुसरी युक्ती, तुषार सिंचनाचा छोटा फिरता नोझल गाडीखाली ठेवायचा आणि पाणी सोडून तासभर आपलं काम करायचं. माती आपोआप मऊ पडून गळते, कुणी खाली वाकायला नको. नोझल दोनदा जागा बदलून ठेवा, पुढं आणि मागं.

रानातच धुण्याचा आणखी एक फायदा म्हणजे तिथलं तण तिथंच राहतं. चाकाच्या मातीतनं गाजर गवताचं बी एका गावातनं दुसऱ्या गावात जातं. मित्राच्या बांधावरचं बी तुम्ही दुसऱ्याच्या रानात नेऊन टाकू नका.

आणि घाटावरच्या दादांना हात जोडून सांगते, नदीत गाडी घालू नका. कोल्हापुरातनं निघालेलं पंचगंगेचं पाणी इचलकरंजीवरनं आमच्याकडं येतं आणि नरसोबावाडीला कृष्णेला मिळतं. तुमच्या क्रॉसचं ग्रीस आणि इंजिनचं तेल त्याच पाण्यात येतं. आम्ही ते पाणी पिकाला देतो, जनावरं पितात. जुन्या काळी जीपा मोजक्या होत्या, आता तसं नाही.

घाटावरचा_जीपवाला

ताई, पटलं. इथनं पुढं नदीला नेणार नाही.

शाहूपुरी_पॉलिश

रंगाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. गाडीवरची माती वाळलेली असताना तिला कापड लावायचं नाही, ओलं कापड सुद्धा नाही. मातीत वाळूचे कण असतात, ते कापडाखाली घासले की वरच्या थरावर गोल गोल ओरखडे उठतात. काळ्या आणि लाल गाडीवर ते उन्हात लगेच दिसतात. आधी नुसतं पाणी, टपापासनं खाली, दोनदा. मग गाडीचाच शाम्पू, कपड्याची पावडर नको, ती मेणाचा थर काढून टाकते. दोन बादल्या ठेवायच्या, एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी, आणि हातमोजा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत. तळाचा भाग सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या कापडानं.

काचा. चिखलातनं आल्यावर खिडकी खाली करू नका. काचेच्या कडेला जी मखमली पट्टी असते तिच्यात वाळू अडकते आणि काच वर-खाली झाली की उभ्या रेघा पडतात. त्या पॉलिशनं सहसा जात नाहीत. आधी पट्टीवर पाणी सोडा, मग काच हलवा. वायपरचंही तेच, कोरडा वायपर मारायचा नाही.

आतल्या मॅटवरची राड ओली असताना चोळू नका, कापडात मुरते. वाळू द्या, झटका, व्हॅक्यूम मारा, मग उरलेलं पुसा. विंचचा (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) दोर सिंथेटिक असेल तर पूर्ण उलगडून साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. आत राहिलेली वाळू दोर ताणला की धागे कापते, आणि तो नेमका माणसं जवळ उभी असताना तुटतो. ओढायच्या पट्ट्यांनाही हेच लागू.

पावसाळा संपला की बरेच जण फोंड्यातनं किंवा गगनबावड्यातनं उतरून मालवण-देवगडला वाळूवर गाडी घालतात. ती माती नाही, मीठ आहे. त्याच दिवशी, निघायच्या आधी गोड्या पाण्यानं खालनं धुऊन निघा. दुसऱ्या दिवशीवर ठेवू नका.

राजारामपुरी_४बाय४

सगळ्यांचे मनापासून आभार. जे केलं ते सांगतो.

मित्राच्या ओळखीतल्या गॅरेजवर चारी चाकं उतरवली. पुढच्या डाव्या रिममध्ये आतल्या अंगाला तळव्याएवढा लादा होता, जाड, वाळून विटेगत कडक. बाकी तिन्हींत थोडी थोडी. तो काढला आणि थरथर गेली. तवंदी घाट चढून आलो, १०० ला सुद्धा स्टिअरिंग शांत. मागचे ड्रम उघडले तर तळाशी तांबडी बारीक रेती साठलेली, लायनरवर रेघा, पण लायनर अजून चालतील म्हणाला. साफ करून बसवले, आवाज बंद.

चासीत पाइप घालून पाणी सोडलं. काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं, आधी घट्ट आलं, आणि निवळायला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला. उजव्या बाजूचं मागचं भोक बुजलेलंच होतं. तारेनं उघडल्यावर एकदम भळाभळा पाणी आलं, त्यात पानं, काटक्या, सगळं. पत्र्यावरची माती पण काढली.

आता वाईट बातमी. मागच्या क्राऊनचा प्लग खोलला, बोट घातलं, तेल दुधाळ आहे. गाडी चालताना कसलाही आवाज नाही. लगेच बदलायला पाहिजे का, की पुढच्या सर्व्हिसिंगला चालेल? ती तीन महिन्यांवर आहे.

उद्यमनगर_जुना_फिटर

सर्व्हिसिंगची वाट बघू नकोस, याच आठवड्यात बदल. आवाज येत नाही हे बरं आहे, म्हणजे दात आणि बेअरिंग अजून शाबूत आहेत. पण पाणी मिसळलेलं तेल दातांच्या मधी टिकत नाही, दाब आला की थर तुटतो आणि लोखंड लोखंडाला घासतं. गाडी उभी राहिली की पाणी तळाला बसतं आणि बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात. एकदा ठिपका पडला की ते बेअरिंग घुमणारच, मग तेल कितीही चांगलं घाल. आज तेलावर भागतंय, नंतर क्राऊन-पिनियन उतरवायची पाळी येते.

करायचं असं. गाडी थोडी चालवून आण, तेल गरम असताना खालचा प्लग काढ आणि पूर्ण निथळू दे, अर्धा तास तरी. प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरचा कीस बघ. करड्या रंगाची बारीक पूड असली तर नेहमीचं आहे. नखाला टोचतील असे तुकडे असले तर फोटो टाक. मग गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच तेल भर, दुकानदार म्हणेल ते नाही. मागचं डिफरन्शियल लॉक होणारं असेल तर तेलाची ग्रेड चुकवून चालत नाही. थोडे दिवस चालव, परत प्लग खोलून बघ. अजून पांढुरकं दिसलं तर ते पण काढ आणि पुन्हा नवीन भर. एका वेळेत सगळं पाणी निघतंच असं नाही, हाउसिंगच्या कोपऱ्यात राहतं.

ब्रीदर काढून फुंकून बघ. हवा जात नसेल तर तोच बुजलाय, बदल. आणि तुला ओढ्यातनं जायची हौस आहे तर ब्रीदरची नळी वाढवून इंजिनच्या खोलीत उंच आणून बांध. तेलाला टिकणारी रबरी नळी घे, कुठंही मुरड पडू देऊ नकोस, आणि ॲक्सल वर-खाली होतो म्हणून खाली थोडी ढिली सोड. खर्च फार नाही, आणि पुढच्या ओढ्यात क्राऊनला पाण्याऐवजी हवा मिळते. तरी ओढ्याच्या अलीकडं दहा मिनिटं थांबायची सवय लाव, क्राऊन निवू दे.

पुढच्या चाकांच्या ड्राइव्ह शाफ्टचे बूट बघितलेस का? स्टिअरिंग पूर्ण वळवून आतनं हात फिरव. कुठं चीर असेल, ग्रीस उडालेलं असेल तर बूट बदल. बूट स्वस्त असतो, आतला जॉइंट महाग.

आणि मागचं तेल दुधाळ निघालं म्हणजे पुढच्या क्राऊनचं आणि ट्रान्सफर केसचं पण बघायलाच पाहिजे, तिन्ही एकाच पाण्यातनं गेलेत. ते दोन प्लग खोलून बघितल्याशिवाय हायवेला गाडी काढू नकोस. उद्या सकाळीच बघ आणि इथं लिही.